नकाशावरही पायीच चालणारे रंगनाथकाका

रंगनाथकाका गेल्याची बातमी मला नकाशावर कळली. वाक्य विचित्र आहे, पण घडलं ते असंच. दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चार-पाच माणसं आपापल्या घरून एकच नकाशा उघडतो. तो इंटरनेटवर आहे, सगळ्यांचा मिळून आहे. जो कोणी उघडेल त्याच्या माऊसचा बाण, त्याच्या नावासकट, बाकीच्यांच्या पडद्यावर हलताना दिसतो, आणि एकानं खूण केली की त्याच क्षणी ती सगळ्यांना दिसते. बोलायला फोनचा स्पीकर. त्या रविवारी काकांचा जांभळा बाण माझ्या आधीच आलेला होता. छावणी भागातल्या त्यांच्या घरावर नुसता उभा. मी म्हटलं, "काका, आज लवकर? चला, निघा मग." बाण हलला नाही. फोनवर त्यांच्या मुलाचा, संजयचा आवाज आला. "मॅडम, मी संजय. बाबा पहाटे गेले. कुणाकुणाला फोन करावा ते सुचेना... दहाला तुम्ही सगळे इथंच भेटता, म्हणून म्हटलं इथंच सांगावं." कोणी नकाशा बंद केला नाही. पाच बाण शहरावर जिथल्या तिथं थांबून राहिले.

याला आता सहा आठवडे झाले. आमच्या रविवारच्या मंडळींनी काकांबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि लिहायला बसल्यावर हात आखडला. त्यांच्याविषयी चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला जे लिहायचं आहे ते माझ्याविषयी आहे आणि ते चांगलं नाही. मी त्यांची एक विहीर खोटी ठरवली होती. ती खरी होती. हे मला त्यांच्या हयातीत कळलं आणि तरीही मी त्यांना ते सांगितलं नाही. एवढंच आहे, पण सहा आठवडे ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. लागोपाठच्या दुष्काळानं आमचं शहर अगदी मेटाकुटीला आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि ज्या नव्या वसाहतींना नळच नाही त्यांची सगळी भिस्त टँकरवर. गंमत म्हणजे शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. पाणी नाही म्हणून कोणी प्लॉट पाडायचा थांबला, असं मी तरी पाहिलं नाही. आसपासची गावं शहरात येत गेली आणि त्यांच्या विहिरी कुठं बंगल्यांच्या मागं, कुठं कचऱ्याखाली दिसेनाशा होत गेल्या. त्या शोधून नकाशावर आणायच्या आणि उन्हाळ्याआधी यादी संबंधित कार्यालयाला द्यायची, म्हणजे निदान काहींचा गाळ निघेल, अशी माझी कल्पना होती, आणि माहिती द्यावी म्हणून मी पेपरात आवाहनही दिलं होतं. प्राची नावाची माझी जुनी विद्यार्थिनी पुण्यात संगणकावर नकाशे बनवण्याच्या कामात नोकरी करते, तिनं तो नकाशा तयार करून दिला. शहागंजाजवळ पाण्याचे पंप दुरुस्त करणारे नईमभाई आले, कारण कुठल्या बोअरला पाणी आहे आणि कुठल्या नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि एके दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात पांढरा शर्ट, पायांत चपला आणि हातात कापडी पिशवी असे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हेच रंगनाथकाका, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. सारी नोकरी मोजणीची साखळी घेऊन शिवारं मोजण्यात गेलेली. "तुमचं आवाहन वाचलं," ते म्हणाले. "मला ते कंप्युटर काही येत नाय, मॅडम. हिरी येत्यात."

संजयचा जुना लॅपटॉप त्यांना मिळाला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस तीन रविवारांत माऊस चालवायला शिकला. पण चालवायचा तो त्यांच्याच पद्धतीनं. आम्ही कोणीही नकाशावर सरळ उडी मारायचो. हर्सूल म्हटलं की हर्सूल. काका तसं कधीच करत नसत. ते घरून निघायचे. जांभळा बाण छावणीतल्या त्यांच्या दारातून रस्त्यावर यायचा, लोखंडी पूल ओलांडायचा, भडकल दरवाज्यातून पुढं सरकायचा, दिल्ली दरवाज्याशी जरा थबकायचा आणि मग हर्सूलच्या रस्त्याला लागायचा. तोंडानं चालूच असायचं, "हा आला दरवाजा... इथनं उजवीकडं नाय, सरळच... आता डाव्या हाताला लिंब होता, तो नसंल आता." त्यांना जागा अशी चालत गेल्याशिवाय आठवतच नसे. मध्येच फोन वाजला आणि बाण भलतीकडं गेला, तर परत छावणीपासून सुरुवात! नईमभाई चिडवायचे, "काका, रिक्षा कर लो, पैसे मैं देता." काका म्हणायचे, "तुम्ही बसा उंटावर शेळ्या हाकत. मी आपला पायी येतो." आणि पोचायचे ते नेमके. त्यांनी दाखवलेल्या जागी आम्ही प्रत्यक्ष गेलो की झुडपात हात घालावा आणि काठाचा दगड हाताला लागावा, असं कितीदा तरी झालं.

शिस्तही त्यांनीच लावली. कुणी म्हटलं की आमचे आजोबा सांगायचे तिथं विहीर होती, तर काका लगेच म्हणायचे, "तोंडी नको. कागद काय म्हणतोय?" सारी हयात भाऊबंदांची बांधावरची भांडणं ऐकल्यामुळं तोंडी माहितीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक जण खरंच बोलत असतो आणि प्रत्येकाचा बांध वेगळा असतो, असं ते म्हणत. म्हणून मी गावांचे जुने नकाशे स्कॅन करून आमच्या नकाशावर बसवायचं ठरवलं. खालचं उपग्रहाचं चित्र आजचं, त्यावर हा जुना कागद पारदर्शक करून पसरायचा. तो नीट बसावा म्हणून दोन्हीकडं दिसणाऱ्या चार-पाच खुणा धरायच्या, पूल, देऊळ, मशीद, आणि कागदावरची खूण चित्रातल्या खुणेला टाचायची. मी हे काम सुरू करताना काका म्हणाले होते, "खूण धरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं, मॅडम. ही मूळची इथलीच का? आम्ही दगडाला पण विचारल्याशिवाय साखळी लावत नव्हतो." मी ते वहीत लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं.

तर ती विहीर. हर्सूलच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला. काका नोकरीला नवीन लागले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतः साखळी धरली ती त्या शेतात. चिरेबंदी काठ, आत उतरायला पायऱ्या आणि त्या उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी... हे ते इतक्यांदा सांगत की प्राची पुण्यातून पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायची. पण त्या रविवारी ते थट्टा करत नव्हते. यादी द्यायला पंधरा दिवस उरले होते. बाण छावणीतून निघाला, हर्सूलला पोचला, ओढ्याकाठानं वर गेला आणि एका मोकळ्या, बाभळी माजलेल्या प्लॉटवर थांबला. "हीच. ही धरा. इथं बांधकाम व्हायच्या आत धरली पाहिजे." त्यांच्या जुन्या लॅपटॉपला स्कॅन केलेला जड कागद पेलवत नसे, म्हणून तो थर ते बंदच ठेवायचे, त्यांना दिसत होता फक्त आजचा रस्ता आणि आजचं रान. माझ्या पडद्यावर मात्र कागद पसरलेला होता, आणि कागदावरची विहिरीची खूण त्या प्लॉटपासून चांगली शंभरेक पावलं दूर, एका नव्या दुमजली बंगल्यावर पडत होती.

माझ्यामागं तेव्हा कागदपत्रांचा ताप लागला होता, परीक्षा तोंडावर होत्या, आणि खरं सांगायचं तर कागद मी बसवलेला होता. मी म्हटलं, "काका, तुमची विहीर एका बंगल्याच्या जिन्याखाली आहे. कागद तसं म्हणतोय. तुमच्या खात्याचाच कागद आहे." सगळे हसले. मीही हसले. काका हसले की नाही, ते फोनवर कळलं नाही. मग ते म्हणाले, "कागद तसं म्हणतो व्हय?... मंग कागद खरा, मॅडम. मीच घोटाळा केला असंल. लई दिवस झाले." तरी जागा प्रत्यक्ष पाहायच्या नियमाप्रमाणं नईमभाई त्या प्लॉटवर एकदा जाऊन आले. बाभळीचं रान, बाजूला पडलेला इमारतीचा राडारोडा आणि आत जाऊ न देणारा एक रखवालदार, एवढं पाहून त्यांनी कळवलं, "कुछ दिखा नहीं, मॅडम." माझ्या घरापासून ती जागा स्कूटरनं वीस मिनिटांवर आहे. परीक्षा संपल्या की स्वतः जाईन, असं मी म्हटलं. परीक्षा संपल्या. यादी गेली, आणि तीत ती विहीर नव्हती. पुढं आमच्या यादीतल्या विहिरींपैकी काहींचा गाळ खरोखर निघाला, आम्ही पेढे वाटले आणि काकांनी सगळ्यांत जास्त खाल्ले.

त्यानंतर मात्र काका नवी खूण करेनासे झाले. मला हे आता मोजून कळतं. तेव्हा जाणवलं नव्हतं. बाण यायचा, आमच्याबरोबर हिंडायचा, कुणी विचारलं तर "असंल, तुम्हीच बघा" म्हणायचा. वय झालं, असा मी अर्थ लावला. दुसऱ्याच्या वयावर ढकलता येतं तितकं दुसऱ्या कशावर सहज ढकलता येत नाही.

पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी हर्सूलच्या त्या बाजूला गेले होते. ऊन फार म्हणून मारुतीच्या देवळाच्या सावलीत बसलो. हेच देऊळ मी कागद टाचताना खूण म्हणून धरलं होतं. देवळाबाहेर रुईच्या माळा विकणाऱ्या आजीबाईंशी मुली गप्पा मारत होत्या, आणि कुणीतरी विचारलं, देऊळ किती जुनं? आजी म्हणाल्या, "द्येव जुना, द्येऊळ नवं. रस्ता रुंद झाला तवा ह्याला मागं आणला. आधी पार तिकडं व्हता, त्या खांबापाशी." मी त्या खांबाकडं बघत राहिले. देऊळ हललं होतं. आजच्या देवळाला मी जुन्या कागदावरचं देऊळ टाचलं होतं, आणि कागदाचा तो सगळा कोपरा ओढला जाऊन काकांची विहीर बंगल्याखाली गेली होती. देऊळ हलल्याचं काकांनाही ठाऊक नसणार. त्या वर्षांत त्यांची बदली कन्नड तालुक्यात होती. पण विचारायचं माझ्याकडं होतं, काकांकडं नाही. मुलींना तिथंच बसवून मी ओढ्याकडं गेले. बाभळी नव्हत्या. सपाट केलेला प्लॉट होता, चारी कोपऱ्यांना चुना फासलेले दगड. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "हिर व्हती की! लई मोठी. गेल्या उन्हाळ्यात मुरूम टाकून बुजीवली. पाणी व्हतं बाई तिला, टाकलेला मुरूम आठ दिवस वल्ला येत व्हता वर."

गेल्या उन्हाळ्यात. म्हणजे आम्ही पेढे खात होतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच नकाशा उघडून बसले. देवळाची खूण काढून खांबापाशी नेली, कागद नव्यानं ताणला, आणि विहीर शंभर पावलं सरकून बरोबर काकांनी दाखवलेल्या प्लॉटवर येऊन बसली. तेवढ्यात छावणीत जांभळा बाण उमटला. रविवार नव्हता, दहा वाजले नव्हते. काका दुपारचे असे एकटेच हिंडत असतील, हे मला माहीतच नव्हतं. मी माऊसवरचा हात काढून घेतला. बाण नेहमीसारखा निघाला, पूल, दरवाजा, हर्सूल, ओढा. प्लॉटवर आला, थांबला, जरासा फिरला आणि निघून गेला. त्यांना माझा बाण दिसत होता, मला त्यांचा. फोन माझ्या हाताशी होता. काका, मी चुकले, तुम्ही बरोबर होता... एवढे सहा शब्द. मी फोन केला नाही. मला वाटलं, बघितलंच त्यांनी, कळलंच असेल, आता बोलून कशाला. बाण गेल्यावर मी तिथं बुजलेल्या विहिरीची खूण केली. रविवारी सगळ्यांसमोर म्हटलं, "हर्सूलच्या कोपऱ्यात थोडी दुरुस्ती झाली आहे." कुणी केली, कशासाठी, कुणाची चूक, काही नाही. चाळीस पोरांना वर्गात उभं करून चुका कबूल करायला लावणारी बाई मी! काका म्हणाले, "बरं झालं." त्या दोन शब्दांवर मी वर्षभर शांत झोपले. त्यांनी मला माफ केलं, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात काकूंना भेटायला गेले. काकांच्या बायकोला मी याआधी दोनदाच भेटले होते. दोन्ही वेळा त्या चहा देऊन आत गेल्या होत्या. या वेळी त्या समोर बसल्या आणि मी सगळं सांगितलं, देऊळ, कागद, मुरूम, दुपारचा बाण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ती हिर तिथंच व्हती?"

"तिथंच होती."

"त्यांना सांगितलं नाय तुम्ही?"

"मला वाटलं, त्यांना कळलं असेल. मी परत खूण केली होती ना."

"ती बघितली व्हती त्यांनी," काकू म्हणाल्या. "मला बोलवून दाखवली. म्हनले, बघ, मॅडमनी माझं मन राखायला हिर परत ठेवली. लई मायाळू बाई हाय. पन खोटं नकाशावर ठेवू ने, एकदा सांगीन म्हनले त्यांना... मंग ऱ्हाऊनच गेलं."

त्यांच्या पडद्यावर कागदाचा थर बंदच असायचा, कागद सरकल्याचं त्यांना दिसलंच नव्हतं. मी त्यांचं मन राखलं, असं समजून तो माणूस गेला. माझी चूक त्यांनी आपली म्हणून घेतली आणि वर माझे उपकार मानले.

काकू उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं टेबलावर काचेखाली काकांचा स्वतःचा एक नकाशा होता, मोठ्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं काढलेला, कडा पिवळ्या पडलेला. नोकरीत जिथं जिथं साखळी धरली त्या जागा त्यांनी त्यावर निवृत्तीनंतर हौसेनं उतरवल्या होत्या. मला तो त्यांनी कधी दाखवला नव्हता. काकूंनी वरची काच सरकवली आणि ओढ्याच्या रेघेशेजारी बोट ठेवलं. तिथं कागद घासून पांढरा झाला होता. "त्या यादीच्या टायमाला खोडली," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, असू द्या की, कोण बघतंय? तर म्हनले, मोजणीदाराच्या घरात खोटी खूण नको."

त्यांनी पेन्सिल पुढं केली. "काढा तुम्ही. तुमच्याच हातानं."

मी सवयीनं पर्समधून फोन काढायला गेले, जागा नेमकी बघून घ्यावी म्हणून. मग खाली वाकून पाहिलं. खोडलं होतं तरी पेन्सिलीचा दाब कागदात राहिला होता. उजेड तिरका धरला की विहिरीचा गोल आणि आत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या चार रेघा दिसत होत्या. मी त्या खाचेतूनच पेन्सिल फिरवली. गोल पुरा झाला. मी म्हटलं, "काका, तुम्ही बरोबर होता." काकूंनी काच परत ओढून घेतली, पदरानं पुसली, आणि मी चहा घेणार का असं विचारलं.